ब्रेकचा नुसता खटका: सत्तरीतल्या एका चेनसॉ दुरुस्तीचं प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका लहान वर्कशॉपमधलं. माणसांची नावं, गाव आणि मशीनची कंपनी वगळली आहे. लहान इंजिनांची दुरुस्ती शिकायला येणाऱ्या मुलांसमोर मी ते ठेवतो, कारण यातला बिघाड शोधणं फारसं कठीण नव्हतं. गिऱ्हाईक दारात उभं असताना काय करायचं आणि काय नाही हे ठरवणं कठीण होतं.

वर्कशॉप म्हणजे रस्त्याला लागून दोन गाळे. एकात ग्रिल आणि गेटचं वेल्डिंग, दुसऱ्यात पाण्याचे पंप, ग्रास कटर आणि चेनसॉ, म्हणजे झाडं कापायची पेट्रोलवरची करवत. मधली भिंत अर्धीच. मेस्त्री पन्नाशीचे, मूळचे मोटारसायकलवाले. हाताखाली आयटीआय करून आलेला एक मुलगा.

सत्तरीत चेनसॉ घरटी नसला तरी वाड्यावाड्यावर सापडतो. जानेवारी-फेब्रुवारीत काजूच्या भट्टीसाठी जळण कापून झालं, बागायतीतली वठलेली झाडं निघाली, की मशीन पडवीतल्या खुंटीला जातं, टाकीत उरलेल्या पेट्रोलसकट. खाली उतरतं ते मृगाच्या पावसात झाड पडल्यावर. गोव्यात सगळ्यांत जास्त पाऊस पडणाऱ्या ठिकाणांत सत्तरीतल्या वाळपईचा नंबर वरचा. वाऱ्यापावसाची एक रात्र गेली की सकाळी वर्कशॉपसमोर मशीनं येऊन पडतात आणि प्रत्येकाला आजच हवं असतं.

या प्रकरणातलं मशीन 50 सीसीच्या वर्गातलं, 18 इंची बार (चेन जिच्या कडेने फिरते ती लांब पट्टी) आणि .325 इंच पिचची, म्हणजे कड्यांच्या त्या मापाची चेन. मालक साठी ओलांडलेले बागायतदार. आदल्या रात्री त्यांच्या गोठ्यावर फणस आडवा झाला होता. रस्त्यावर आलेला शेंडा अग्निशमन दलाच्या जवानांनी कापून दिला आणि ते पुढच्या ठिकाणी गेले. त्या दिवशी त्यांनाही उसंत नव्हती. खोड गोठ्याच्या कौलांवर तसंच होतं आणि म्हशी शेजाऱ्याच्या दावणीला.

अडचण

तक्रार थोडक्यात होती. "रेस सोडली तरी चेन फिरत राहते, मेस्त्री. जरा स्क्रू फिरवून द्या. थांबतो मी इथंच."

मागणी अगदीच चुकीची म्हणता येत नाही. कार्बोरेटरवर आयडलचा, म्हणजे रेस न देता इंजिन किती पळेल ते ठरवणारा स्क्रू असतो, तो सैल केला की इंजिनाची धाव कमी होते आणि बऱ्याचदा चेन थांबतेही. पण चेन का फिरते ते आधी बघायला हवं. या वर्गातलं इंजिन रेस न देता मिनिटाला साधारण 2,800 फेरे घेतं. इंजिनाची ताकद चेनला जोडणारा क्लच त्याच्या बराच वर गेल्यावर पकडतो. मधलं अंतर म्हणजेच सुरक्षितता. हात ट्रिगरवरून निघाला की चेन उभी राहिली पाहिजे, ती त्या अंतरामुळे. चेन फिरत राहते याचा अर्थ ते अंतर संपलं आहे. एक तर इंजिन हवं त्यापेक्षा जास्त पळतंय, किंवा क्लच लवकर पकडतोय, किंवा दोन्ही. स्क्रूचा इलाज फक्त पहिल्यावर चालतो, तोही वरवरचा.

मेस्त्रींनी दोन प्रश्न विचारले. चेन थंड मशीनवर फिरते की गरम झाल्यावर? आणि रेस सोडल्यावर आवाज लगेच उतरतो की रेंगाळतो? उत्तर आलं की थंड असताना मशीन बंद पडतं, गरम झालं की चेन फिरायला लागते, आणि आवाज खाली यायला वेळ घेतो. दुचाकीवर हात बसलेला कुठलाही मेकॅनिक इथे कान टवकारतो. इंजिनात कुठून तरी चोरून हवा जात असेल तर मिश्रण पातळ होतं, म्हणजे हवा जास्त आणि पेट्रोल कमी, आणि पातळ मिश्रणावरचं इंजिन असंच वागतं.

जाता जाता मालक आणखी एक वाक्य बोलले. जानेवारीत रस्त्यावरच्या एकाने मशीन बघितलं होतं, "ब्रेक अडकत होता, तो मोकळा करून दिला." हे वाक्य वर्कशॉपमधल्या मुलाने ऐकलं. लिहून कुणी घेतलं नाही.

पहिला निर्णय: सुरू करून बघायचं की नाही

मालकांनी बोलता बोलता एका हाताने मशीन उचललं आणि दुसऱ्याने स्टार्टरची दोरी धरली. मशीन हवेत खाली ढकलत दोरी ओढायची ही सवय आपल्याकडे सर्रास दिसते. मेस्त्रींनी बारच्या बाजूला न जाता मागून हँडल धरलं आणि मशीन खाली ठेवायला लावलं.

सुरू करून बघावं या बाजूने बोलण्यासारखं होतं. इंजिनाचा आवाज ऐकला की अर्धं निदान होतं, हे खरं आहे. पण रेस न देता चेन फिरते हीच तक्रार असेल, तर चेनसकट मशीन गर्दीच्या गाळ्यात सुरू करणं म्हणजे तक्रार कुणाच्या तरी मांडीवर तपासण्यासारखं. मेस्त्रींचा नियम साधा आहे: सुरक्षिततेची तक्रार असलेलं मशीन आधी मेलेल्या अवस्थेत तपासायचं. प्लगची टोपी काढून बाजूला वळवायची, मगच हात लावायचा. मला हा नियम पटतो, आणि तो गरम डोक्याच्या गिऱ्हाइकासमोर पाळणाऱ्यांबद्दल आदर वाटतो.

टोपी काढली. मुलाने पुढचा हँडगार्ड ढकलला, खणखणीत "खट्" आवाज आला. ब्रेक ठीक, असं तो म्हणाला. मेस्त्रींनी चामडी हातमोजा चढवला, ब्रेक लावलेल्या स्थितीत चेन धरली आणि बारवरून पुढे ओढली.

चेन सरकली. अगदी सहज.

इथे कामाचं स्वरूपच बदललं. बारच्या टोकाचा वरचा पाव भाग लाकडाला लागला की मशीन उसळून चेहऱ्याकडे येतं. ते इतक्या झटक्यात होतं की माणसाला विचार करायला वेळ मिळत नाही. त्या क्षणी डावं मनगट गार्डला आपटतं किंवा गार्ड स्वतःच्या जडत्वाने पुढे पडतो, पोलादी पट्टा क्लचच्या ड्रमभोवती (चेन फिरवणाऱ्या गोल डब्यासारख्या भागाभोवती) आवळला जातो आणि चेन थांबते. या मशीनवर गार्ड पडत होता, खटका वाजत होता, चेन मोकळी होती. आपोआप फिरणारी चेन आणि न लागणारा ब्रेक, दोन्ही एकाच मशीनवर. मालकांना त्यातल्या एकाचीच कल्पना होती, आणि स्क्रू फिरवून तीही मिटली असती.

पुढची पायरी टाकी रिकामी करण्याची. शेजारच्या गाळ्यात ग्रिलवर ठिणग्या उडत होत्या. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, जमिनीलगत पसरते, अर्ध्या भिंतीने अडत नाही. वेल्डिंग थांबवावं की पेट्रोल बाहेर काढावं? मेस्त्रींनी दोन्ही केलं. वेल्डर कुरकुरला, कारण त्याचंही गिऱ्हाईक ताटकळत होतं. मशीन पुढच्या छपराखाली नेऊन टाकी एका पारदर्शक बाटलीत ओतली.

बाटली स्थिर झाल्यावर आत दोन थर दिसले. वर टू-टी ऑइलच्या (पेट्रोलमध्ये मिसळायच्या इंजिन ऑइलच्या) रंगाचं पेट्रोल, तळाशी बोटभर गढूळसर पाणचट थर. हल्ली पंपावर मिळणाऱ्या ई-20 पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं आणि इथेनॉल पाणी ओढून घेतं. फेब्रुवारीपासून अर्धवट भरलेली टाकी, त्यात गोव्याची दमट हवा. पाणी पुरेसं झालं की इथेनॉल त्याला घेऊन खाली बसतं, ऑइल वर पेट्रोलबरोबर राहतं. टाकीतला फिल्टर मात्र तळाशीच लोळत असतो. म्हणजे इंजिन पहिले घोट घेतं ते ऑइल नसलेल्या थराचे. मुलांना हे फळ्यावर कितीही सांगितलं तरी ती बाटली दाखवल्याशिवाय पटत नाही.

उघडल्यावर काय दिसलं

बाजूचं कव्हर काढलं. ब्रेकच्या पट्ट्याची जागा रिकामी होती. पट्टा तुटलेला नव्हता, काढलेला होता. मात्र लिव्हर आणि स्प्रिंग जागेवर ठेवली होती, त्यामुळे खटका वाजत होता. "मोकळा करून दिला" याचा अर्थ आता कळला. हे ज्याने केलं त्याने गार्डही काढून टाकला असता तर एक वेळ परवडलं असतं. निदान वापरणाऱ्याला दिसलं असतं की ब्रेक नाही.

ड्रमवर निळसर झाक होती. पोलाद फार तापलं की असा रंग येतो. क्लचच्या तीन स्प्रिंगांपैकी एक लांबली होती, हुक जवळजवळ सरळ झालेला. क्लचच्या मधल्या भागावर छिन्नीचे खोल ओरखडे होते, चुकीच्या बाजूने. मुलाने विचारलं, हे कशाने? बहुतेक चेनसॉच्या क्लचला उलटे आटे असतात, सोडवायचा तर घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवावा लागतो. हे माहीत नसलेला माणूस नेहमीच्या दिशेला हातोडी मारत बसतो आणि क्लच आणखी घट्ट होतो. छिन्नीचा तुकडा उडून डोळ्यात जाण्याची जागाही हीच.

क्लच आणि ऑइल पंप काढल्यावर मागे भुशाचा काळा चिखल आणि त्याखाली क्रँकशाफ्टचं ऑइल सील, म्हणजे शाफ्टभोवतून हवा आत जाऊ न देणारी रबरी कडी. सीलची रबरी कड वाळलेल्या सोलासारखी कडक झाली होती.

चेन कॅचर, म्हणजे चेन तुटली किंवा उतरली तर तिला अडवणारा बारखालचा तुकडा, अर्धा तुटलेला. चेनच्या डाव्या-उजव्या दातांची लांबी वेगळी, आणि दातांपुढचे खोलीचे खुंट कुणीतरी ग्राइंडरने नको तितके उतरवलेले. खुंट जितका खाली तितका दात लाकडात जास्त घुसतो; मशीन जोरात कापतंय असं वाटतं, पण उसळीही तितकीच वाढते.

मेस्त्रींनी जे जोडलं ते असं. जळण कापताना कधीतरी ब्रेक लावलेला विसरून कुणी पूर्ण रेस दिली. पट्ट्याने अडवलेल्या ड्रमच्या आत क्लच घासत राहिला, धूर आला, ड्रम निळा पडला. पट्टा वाकून अडकायला लागला, म्हणून तो काढून टाकण्यात आला. त्याच उष्णतेने स्प्रिंग ढिली झाली आणि सील भाजलं. महिनाभरात सीलमधून हवा शिरायला लागली, इंजिन वर पळू लागलं, ढिल्या स्प्रिंगमुळे क्लच आधीच पकडायला लागला होता. हा अंदाजच, पण प्रत्येक खूण त्याच्याशी जुळत होती. पट्टा काढणाऱ्याने ड्रमचा रंग बघून एवढा विचार केला असता तर जानेवारीतच काम संपलं असतं.

पर्याय

मालक छपराच्या खांबाला टेकून उभे होते आणि पाऊस पुन्हा सुरू झाला होता.

स्क्रूचा पर्याय इथेच बाद झाला. आयडल खाली आणला तर थंड मशीन बंद पडणार, वर नेला तर चेन फिरणार. सील गळत असताना मधली जागा सापडत नाही. शिवाय पातळ मिश्रणावर इंजिन पळवलं तर पिस्टन एक्झॉस्टच्या बाजूने घासून जाम होतो. मग सीलच्या जागी सिलिंडर-पिस्टनचा सेट घ्यावा लागतो.

दुसरा पर्याय जास्त मोहाचा होता. स्प्रिंगा वर्कशॉपमध्ये होत्या. त्या बदलायच्या, कार्बोरेटर थोडा जाड (पेट्रोल जास्त) लावायचा आणि आजच्या दिवसापुरतं मशीन द्यायचं. चेन बहुधा थांबली असती. मालकांना हेच हवं होतं. "एकच खोड आहे, काम झालं की आणून टाकतो," असं ते म्हणाले. खोटं बोलत होते असं नाही, पण खोड कापून झाल्यावर पुढचं झाड पडतं आणि मशीन परत यायचं राहून जातं, हे मेस्त्रींनी पाहिलेलं होतं. आणि पहिलंच काम कोणतं, तर वाऱ्याने पाडलेला, कौलांवर अडकलेला, ताणाखालचा फणस. असं लाकूड कापताना फट मिटून बार पकडला जातो, मशीन झटका देतं. ब्रेकची खरी गरज पडते ती अशाच कामात.

तिसरा पर्याय सीलपुरता. त्याच मापाचं सील म्हापशाच्या बेअरिंगच्या दुकानात मिळालं असतं. माप जुळतं, पण ते रबर पेट्रोल आणि उष्णता किती सोसेल हे बघून कळत नाही. मेस्त्रींनी हा पर्याय सोडला आणि कंपनीच्या सीलसाठी बेळगावला फोन केला. पट्टा आणि कॅचरही तिथूनच. चोर्ला घाटातून येणाऱ्या बसला पार्सल देतो, असं तिकडून सांगितलं. घाट चालू राहिला तर.

म्हणजे थांबणं आलं. मग गोठ्याचं काय? मेस्त्रींकडे स्वतःचा लहान चेनसॉ होता. तो मालकांना द्यायचा का? मशीन धड, पण हात त्याच माणसाचा, जो हवेत ढकलून दोरी ओढतो. शेवटी मशीनबरोबर मेस्त्रींचा भाचाही गेला, जो बागायतींतून हेच काम करतो आणि ज्याच्याकडे हेल्मेट आणि चेन अडवणारी पँट आहे. मजुरी मालकांनी द्यायची असं ठरलं. मालकांचा चेहरा उतरला, पण संध्याकाळपर्यंत गोठा मोकळा झाला.

प्रत्यक्ष काम

पार्सल येईपर्यंत निदान पक्कं करणं बाकी होतं. चालू इंजिनावर सीलजवळ कार्बोरेटर क्लीनर फवारायचा आणि आवाज बदलतो का ते ऐकायचं, अशी एक प्रचलित युक्ती आहे. ती चालते. पण हाताच्या अंतरावर तापलेला सायलेन्सर असतो आणि फवारा ज्वलनशील. मेस्त्रींनी प्रेशर टेस्ट केली.

सायलेन्सरखाली स्कूटरच्या जुन्या ट्यूबचा तुकडा घालून बोल्ट आवळले, एक्झॉस्ट बंद. कार्बोरेटरच्या जागी ॲल्युमिनियमची पट्टी, तिला एक नळी, नळीला हातपंप आणि गेज. प्लग जागेवर घट्ट. अर्धा बार (इथे बार म्हणजे दाबाचं एकक) दाब भरला. धड इंजिनात काटा जागेवर राहायला हवा. इथे तो बघता बघता उतरला. ब्रशने साबणाचं पाणी लावलं. इनटेकच्या रबरी बुटाला काही नाही, मॅग्नेटच्या बाजूच्या सीलला काही नाही, क्लचच्या बाजूला शाफ्ट हळू फिरवल्यावर बारीक बुडबुड्यांची एक ओळ उठली. शाफ्ट स्थिर असताना ती जवळजवळ दिसत नव्हती. म्हणून फिरवून बघायचं.

सायलेन्सर काढलेला होताच, तेव्हा एक्झॉस्टच्या भोकातून पिस्टनही बघून घेतला. एका बाजूला उभ्या बारीक रेषा, पण नखाला न लागणाऱ्या, आणि रिंग मोकळी. कॉम्प्रेशन 140 पीएसआय. सेट बदलायचा की नाही हा निर्णय मेस्त्रींनी मालकांच्या खिशाच्या बाजूने घेतला: नाही. मला तो योग्य वाटतो. रेषा नखाला लागल्या असत्या तर मी वेगळं म्हटलं असतं.

पार्सल आल्यावरचं काम सरळ होतं. क्लच काढताना आणि बसवताना पिस्टन अडवायला प्लगच्या भोकात प्लास्टिकचा स्टॉपर, लोखंडी काही नाही. जुनं सील आकड्याने काढताना शाफ्टला ओरखडा जाऊ द्यायचा नाही, कारण त्या ओरखड्यातून नवं सीलही गळतं. नव्या सीलची कड ऑइल लावून, मापाच्या पाइपने सरळ ठोकून बसवलं. तिन्ही स्प्रिंगा बदलल्या, एक ढिली म्हणून एकच नाही. निळा पडलेला ड्रम, पट्टा, कॅचर नवे. कडक झालेली पेट्रोलची नळी, टाकीतला फिल्टर आणि कार्बोरेटरचं डायफ्रामचं किटही बदललं. चेन घासून सुधारण्यापलीकडची होती, म्हणून नवी. जुनी भंगारात टाकण्याआधी मुलाला तिच्यावर 4.8 मिलीमीटरची गोल कानस आणि 30 अंशांचा कोन यांचा सराव करायला दिला.

मग पुन्हा दाब, आणि या वेळी उलट बाजूने खेचून निर्वात चाचणीही. क्रँककेसमध्ये प्रत्येक फेऱ्यात दाब आणि ओढ दोन्ही तयार होतात. एखादं सील दाबाला टिकतं आणि ओढीला हवा घेतं, तेव्हा एका चाचणीवर समाधान मानायचं नसतं. काटा दोन्ही वेळा हलला नाही.

सुरू करून तपासणी

मशीन जमिनीवर, उजव्या पायाचा पुढचा भाग मागच्या हँडलमध्ये, डावा हात पुढच्या हँडलवर, ब्रेक लावलेला, बारसमोर कुणी नाही. मालकांना मुद्दाम बोलावलं होतं, त्यांनी बघावं म्हणून. ताजं पेट्रोल, लिटरला 20 मिलीलीटर टू-टी ऑइल, मापाच्या भांड्याने. मालक आजवर बाटलीच्या बुचाने अंदाज घेत होते.

सुरू झाल्यावर लगेच ब्रेक सोडायचा. ब्रेक लावून रेस देत राहिल्यानेच हे सगळं रामायण झालं होतं. इंजिन गरम झाल्यावर आधी एल स्क्रू (कमी धावेचं मिश्रण), मग आयडल, मग एच (पूर्ण रेसचं मिश्रण). प्लगच्या वायरला लावायच्या, फेरे मोजणाऱ्या टॅकोमीटरवर आयडल 2,800. चेन उभी. रेस देऊन सोडली, आवाज लगेच उतरला, चेन पुन्हा उभी. पांढऱ्या पुठ्ठ्यासमोर बारचं टोक धरून रेस दिली, ऑइलची रेघ उमटली, म्हणजे चेनला ऑइल पोचत होतं.

ब्रेकच्या दोन चाचण्या. पूर्ण रेसवर मनगटाने गार्ड ढकलला, चेन क्षणात थांबली, रेस तत्काळ सोडली. मग इंजिन बंद करून दीडेक फुटावरून बारचं टोक लाकडी ठोकळ्यावर पडू दिलं, मागचं हँडल हातात ठेवून. टोक आपटताच गार्ड स्वतःहून पुढे गेला. मग मेस्त्रींनी मशीन मालकांच्या पुढ्यात ठेवलं आणि ब्रेक लावून चेन ओढायला सांगितली. ती हलली नाही. "आता खटका ऐकू नका काका, चेन ओढून बघा. रोज, सुरू करण्याआधी. हातमोजा घालून."

परिणाम

बिलावरून वाद झालाच. सील, स्प्रिंगा, चेन यांवर मालकांची हरकत नव्हती. हरकत पट्टा आणि ड्रमवर होती. "ब्रेक मला लागतच नाही. सहा महिने त्याच्याशिवाय चाललं ना?" मेस्त्रींनी बिलात सूट दिली, मजुरीतून. ब्रेक काढून मशीन द्यायला नकार दिला, आणि मालक चिडून निघून गेले असते तरी दिला असता असं मला वाटतं. मालकांनी पैसे दिले.

दुसरी तक्रार चार दिवसांनी आली: मशीन पूर्वीसारखं किंचाळत नाही, ताकद कमी झाली. पूर्वीचं किंचाळणं पातळ मिश्रणाचं होतं. लाकडात न घालता पूर्ण रेस दिली की थोडी अडखळ ऐकू यायला हवी आणि लाकडात ती साफ व्हायला हवी. मेस्त्रींनी वर्कशॉपसमोरच्या ओंडक्यावर ते ऐकवलं. एच स्क्रूला हात लावला नाही.

गणपतीच्या चवथीनंतर मशीन तपासणीला आलं. ड्रमला नवा रंग चढलेला नव्हता. टाकी रिकामी होती आणि कार्बोरेटर कोरडा होईपर्यंत इंजिन चालवून मगच ठेवलं होतं. हे मालकांच्या मुलाने केलं होतं. ब्रेकची चाचणी तोच करतो असं कळलं.

काय वेगळं करता आलं असतं

सर्वांत आधी ते वाक्य. "ब्रेक मोकळा करून दिला" हे मशीन टेबलावर यायच्या आधीच कानावर आलं होतं. मेस्त्रींनी चेन ओढून बघितली ती सवयीने, त्या वाक्यामुळे नव्हे. सवय त्या दिवशी चुकली असती, किंवा तपासणी मुलाकडे राहिली असती, तर "ब्रेक ठीक" अशी नोंद झाली असती. आता तिथे मशीन घेताना एक साधा कागद भरतात: तक्रार काय, थंड की गरम, आधी कुणी उघडलं, त्याने काय केलं. चौथ्या प्रश्नाचं उत्तर गिऱ्हाइकाच्याच शब्दांत लिहायचं, आपल्या भाषेत नाही.

दुसरं सुट्या भागांचं. सील, ब्रेकचा पट्टा, चेन कॅचर या किरकोळ वस्तू आहेत. तालुक्यात दोन-तीन मॉडेलंच जास्त चालतात. मे महिन्यात त्यांचे दोन-दोन सेट आणून ठेवले असते तर घाटावर अवलंबून राहावं लागलं नसतं, आणि अर्धवट मशीन देण्याचा मोहही इतका झाला नसता. मेस्त्रींचं म्हणणं, पैसा अडकतो. खरं आहे, पण पावसाळ्यापुरता अडकतो.

वेल्डिंग आणि पेट्रोल एका छपराखाली ठेवण्याबद्दल मी मेस्त्रींशी आजही सहमत नाही. दर वेळी ठिणगी थांबवायला सांगणं माणसांच्या मर्जीवर चालतं, आणि मर्जी पावसाळी गर्दीत टिकत नाही. अर्धी भिंत पूर्ण करूनही पुरणार नाही, दार जमिनीलगत उघडंच राहतं. टाकी रिकामी करण्याची जागा कायमची बाहेर, मागच्या बाजूला हवी. तिथे एक पत्रा आणि एक झाकणाचा डबा एवढंच लागतं.

भाच्याला मशीनसकट पाठवण्यावर मुलांमध्ये दर वेळी वाद होतो. काहींना तो सर्वांत शहाणा निर्णय वाटतो. काही विचारतात, भाचा रिकामा नसता तर? मेस्त्रींना मी हे विचारलं. ते म्हणाले, तर फणस गोठ्यावर आणखी दोन दिवस राहिला असता. मालकांनी ते ऐकून घेतलं असतं का, यावर ते काही बोलले नाहीत, आणि पुढच्या पावसाळ्यासाठी दुसरा चालक शोधायला लागले.